जुन्या बेंजामिन ३१७ एअर रायफलचा पंप हवा धरत नाही

कर्वेनगरकर:
मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेली ४.५ मिमीची बेंजामिन ३१७ आता माझ्याकडे आलीय. दांडा हलवून हाताने हवा भरायची जात. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. पंप मारताना दांडा सैल जातो, हाताला काहीच लागत नाही. मधूनच थोडा जोर लागतो, पण दांडा मिटवून हात काढला की आपोआप उघडतो. ट्रिगर दाबला की नुसतं फुस्स. एका दुकानात दाखवली, तर ‘हिचे पार्ट मिळत नाहीत, स्प्रिंगची नवीन घ्या’ म्हणाले. घरी उघडावी का?

शनिवारपेठी:
गंज सोडवायचा स्प्रे मारा भरपूर. माझी चालू झाली होती.

टूलरूमकाका:
तो स्प्रे आत मारू नका हो! आहे ते तेल धुऊन नेतो आणि चामडं कोरडं पडतं.

उघडण्याआधी हवा कुठून जाते ते बघा, नाहीतर चांगला भाग उगाच खोलून बसाल. छरा न घालता बोल्ट (मागची खिट्टी) ओढून कॉक करा, म्हणजे घोडा ताणून ठेवा, मगच पंप मारा. कॉक नसेल तर हॅमर (व्हॉल्व्हवर आपटणारा तो घोडा) व्हॉल्व्हवर रेलून असतो आणि रिकाम्या बंदुकीत पहिले स्ट्रोक वाया जातात. मग छरा सुटतो त्या नळीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर मागचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उडवताना हवा सोडणारा) गळतोय. तोंडाला कान लावून ऐकायचा शहाणपणा नको.

तुमच्या वर्णनावरून मला पिस्टनच्या टोकाचा वाटीसारखा चामड्याचा वायसर गेलेला वाटतो. दांडा सैल जातो तो त्यामुळेच. आपोआप उघडण्याचं कारण चेक व्हॉल्व्ह (भरलेली हवा मागे येऊ न देणारा) असू शकतं, पण वायसर चपटा झाला तरी तेच होतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट राहते, तिथली हवा दाबली जाते पण आत शिरत नाही, आणि तीच पिस्टनला मागे लोटते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप उघडलेल्याला हे सांगावं लागत नाही.

दांड्याची पिन पितळी पंचाने काढा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. दांड्यासकट पिस्टन पुढून बाहेर येतो. पिन अडली तर तेल सोडून थांबा, पण गॅसचा टॉर्च लावू नका. छऱ्याची आणि पंपाची अशा दोन्ही नळ्या डाग देऊन जोडलेल्या असतात, तापल्या की सुटतील.

वायसर घरी होतो. कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडून सालीत कमावलेलं, अडीच मिलिमीटरचं चामडं घ्या. क्रोममध्ये कमावलेलं मऊ असतं, आकार धरत नाही. लेथवाल्याकडून नायलॉनचा साचा करून घ्या. भोक पंपाच्या नळीच्या आतल्या मापाचं, ठोसा (चामडं भोकात दाबणारा भाग) त्याहून चामड्याच्या दोन जाड्यांनी बारीक. चामडं कोमट पाण्यात भिजवून साच्यात रात्रभर दाबून ठेवा. उकळत्या पाण्यात घालू नका, आक्रसतं. सुकल्यावर कड ब्लेडने सारखी करा आणि कॉम्प्रेसरच्या साध्या तेलात मुरवा. खोबरेल नको, पुण्याच्या डिसेंबरात थिजतं. बसवताना वाटीचं तोंड व्हॉल्व्हकडे.

कोथरूडचा नेमबाज:
लायसन्सचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. आर्म्स रूल्स, २०१६ नुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या (म्हणजे तुमच्या ४.५ मिमीच्या) नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल लायसन्सशिवाय ठेवता येते. मात्र गच्चीवर चाचणी नको, आधीच सोसायटीचे लोक घाबरट.

कर्वेनगरकर:
काका, उघडली. वायसर खाकऱ्यासारखा कडक झालेला, कडेला चीर. साचा नऱ्ह्याच्या लेथवाल्याने करून दिला. (‘कशाला हवाय?’ हे त्याने तीनदा विचारलं.) आता दांडा घट्ट जातो, आपोआप उघडतही नाही. पण रात्री तीन पंप मारून ठेवली, सकाळी उडवली तर आवाज मिळमिळीत.

टूलरूमकाका:
म्हणजे वायसर बरोबर बसला, आता एखादा व्हॉल्व्ह सावकाश गळतोय. बहुतेक त्याच्या बैठकीवर, म्हणजे तो टेकून बंद होतो त्या जागी, कचरा असेल. वायसरवर तेलाचे दोन थेंब सोडा आणि काही वेळा रिकामीच उडवा. हवेबरोबर तेल आत जातं, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर व्हॉल्व्ह काढावा लागेल. त्याला टोकाला दोन दात असलेला लांब नळीचा पाना लागतो, बाजारात शोधत बसू नका. आतल्या खाचांची मापं व्हर्नियरने घेऊन इथे टाका, ड्रॉइंग करून देतो. तोवर एका वेळी आठच्या वर पंप नको. दाब फार झाला की हॅमरला व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही आणि उरलेली हवा आतच कोंडते.