प्रति: लघुग्रह विजेने तापले?
तरुण सूर्याच्या जोरदार सौरवाऱ्यामुळे लघुग्रहांतून वीज वाहिली आणि ते वितळले, हे वर मांडलेलं स्पष्टीकरण मला पटत नाही. थंड खडकातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणजे आधी दुसऱ्या कशाने तरी तो तापायला हवा. शिवाय १९६८च्या मूळ मांडणीत विद्युतक्षेत्रच चुकीचं धरलं होतं, हे मेन्झेल आणि रोबर्ज या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं.

लघुग्रह किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम-२६च्या उष्णतेने वितळले, याचा इथे कुणी न सांगितलेला पुरावा तर आपल्याच देशातला आहे! १९९६ मध्ये राजस्थानात पिपलिया कलांला पडलेला अशनी युक्राइट आहे, म्हणजे एकदा वितळलेल्या लघुग्रहाच्या कवचातला बेसॉल्ट. अहमदाबादच्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भांडारी या संशोधकांना त्यात अ‍ॅल्युमिनियम-२६च्या क्षयातून उरलेला जास्तीचा मॅग्नेशियम-२६ सापडला (१९९९). या अ‍ॅल्युमिनियमचं अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) जेमतेम ७ लाख वर्षं, म्हणजे ते लवकर संपतं; तरी त्याची खूण या खडकात आहे. म्हणजे तो लाव्हा थिजला तेव्हाही ही किरणोत्सारी भट्टी पुरती विझलेली नव्हती.