पुणेरी पलटण : पुढच्या लिलावात आधी डावा कोपरा घ्यावा की आणखी एक चढाईपटू?

सेलूकर (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे आणि तो जाणकारांपुढे मांडावा असे वाटले. मराठवाड्याचा स्वतःचा संघ प्रो कबड्डीत नसल्यामुळे आमच्या भागात अर्धी मंडळी यू मुंबाची आणि अर्धी पलटणची. मी पहिल्यापासून पलटणचा. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलांना कबड्डी शिकवतो, आणि अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सराव बाजूला ठेवून मुलांनी मला एकच विचारले, "सर, आता पलटणने कोणाला घ्यावे?"

माझे मत असे आहे की पलटणची खरी गरज डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे बचावाच्या रांगेच्या डाव्या टोकाला आहे. दहाव्या हंगामाच्या लिलावात डाव्या कोपऱ्यावरच्या महम्मदरेझा शादलूसाठी संघाने २.३५ कोटी रुपये मोजले, त्याने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद पटकावले. पुढच्या वर्षी तो २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि त्या वर्षीचा चषकही हरियाणाकडे गेला. उजव्या बाजूला गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन यांची जोडी जमलेली आहे, परंतु शादलूच्या जागी तितकाच दरारा असलेला कोपरारक्षक मला अजून दिसलेला नाही. कोणाला कायम ठेवले जाते ते यथावकाश कळेलच; पण पैसा आधी कुठे लावावा, याविषयी आपले काय मत आहे?

माती_ते_मॅट (जालना)

सेलूकर सर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, तरीही मी वेगळ्या बाजूने विचार करतो. अकराव्या हंगामात गतविजेता असूनही पलटणला बाद फेरी गाठता आली नाही, याचे खापर आपण केवळ शादलूच्या जाण्यावर फोडू शकत नाही. त्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे बाहेर बसला आणि चढाईची सगळी घडीच विस्कटली. दहाव्या हंगामात जो स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, तो बाजूला होताच सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला, म्हणजे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद होतो त्या वेळी, कोणाला पाठवावे हे संघाला उमगत नव्हते. बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यातही एकट्या आदित्य शिंदेच्या सुपर टेनवर, म्हणजे चढाईतल्या दहा गुणांवर, संघ तग धरून होता.

दुसरे असे की, मोठ्या नावामुळे चषक मिळतोच असे नाही. तोच शादलू बाराव्या हंगामात २.२३ कोटींना गुजरात जायंट्सकडे गेला आणि गुजरातला पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही. अकराव्या हंगामात तमिळ थलैवाजने सचिन तंवरसाठी २.१५ कोटी मोजले, पण त्यांनाही बाद फेरी दिसली नाही. म्हणून माझा आग्रह असा राहील की अस्लम दुखावला तरी दहा-बारा सामने खांद्यावर घेईल असा मध्यम किमतीचा, अनुभवी चढाईपटू आधी घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बचाव उभा करावा. अस्लम आणि मोहित गोयत हे दोघेही आठव्या हंगामात नवे, तरुण खेळाडू म्हणूनच आले होते, हे आपण विसरता कामा नये. नगर जिल्ह्यातल्या खेडेगावातून आलेला मुलगा असा घडू शकतो, तर घडवण्याची ती वाट पलटणने सोडू नये.

डावीकडची (परभणी)

मी विद्यापीठाच्या संघातून चार वर्षे डाव्या कोपऱ्यावर खेळले आहे. माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही पूर्ण सरळ होत नाही, कारण एका सामन्यात घोटा धरल्यावर समोरच्या मुलीने पाय फिरवला आणि मी पकड सोडली नाही. त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलावेसे वाटते.

डावा कोपरा म्हणजे एक खेळाडू नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू हात धरून उभे असतात आणि चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या क्षणी शेजाऱ्याने तळहाताला जो दाब द्यायचा असतो, त्यावर सगळे अवलंबून असते. तो दाब आधी आला तर चढाईपटू सावध होऊन मागे सरतो, आणि उशिरा आला तर पाय गेलेला असतो. घोटा धरल्यानंतरही काम संपत नाही. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावायच्या आत कव्हरने, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूने, कमरेत शिरून त्याची वाट अडवली नाही, तर एकट्या कोपऱ्याच्या बोटांवर सगळा भार येतो. माझी करंगळी तशीच गेली, कारण त्या दिवशी माझ्या शेजारची मुलगी नवी होती आणि आम्ही दोघी जेमतेम तीन दिवस एकत्र सराव केला होता.

म्हणून सेलूकर दादांना मी असे सुचवेन की, प्रश्न "डावा कोपरा की चढाईपटू" असा नसून "डावा कोपरा कोणाच्या शेजारी उभा राहणार" असा आहे. पलटणने उजव्या बाजूची जोडी टिकवली, तशी डाव्या बाजूसाठी जोडीच घ्यावी, आणि शक्य असेल तर आधी एकत्र खेळलेले दोघे घ्यावेत, मग त्यांची नावे फार गाजलेली नसली तरी चालतील. महागडा कोपरा आणि अनोळखी कव्हर यांच्यापेक्षा अशी जोडी किती तरी उपयोगाची. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरतात तेव्हा पकडीला एक जादा गुण मिळतो, आणि तो गुण जवळजवळ नेहमी अशाच ओळखीच्या जोड्या मिळवतात, असे मी मैदानावर पाहत आले आहे.

गोदाकाठचा (नांदेड, सध्या पुणे)

सर्वांचे मुद्दे वाचले. मी कामाच्या निमित्ताने अमेरिकन फुटबॉल पाहू लागलो आणि तिथली ड्राफ्टची पद्धत आपल्या लिलावाहून किती निराळी आहे हे ध्यानात आले. तिथे ३२ संघ सात फेऱ्यांत नवोदित खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येते, त्यामुळे दुबळ्या संघाला आपल्या क्रमांकावर कोण हाती लागेल याचा अंदाज बांधून शांतपणे गरजा ठरवता येतात. आपल्याकडे पाळी नसते, बोली असते. ज्याच्या थैलीत पैसा उरला आहे त्याचा खेळाडू, आणि वरच्या गटांतली नावे आधी पुकारली जात असल्यामुळे थैली कुठे रिकामी होते ते आपण दरवर्षी पाहतोच.

थोडा हिशेब मांडतो. संघाकडे एकूण ५ कोटी रुपये आणि किमान १८ खेळाडू घेणे बंधनकारक. त्यांतले २.३५ कोटी एकावर गेले, तर उरलेल्या सतरा जणांसाठी २.६५ कोटी राहतात, म्हणजे सरासरी साडेपंधरा लाखांच्या आसपास. लिलावात खेळाडूंचे अ ते ड असे गट असतात; त्यांतल्या ब गटाची पायाभूत किंमतच २० लाख आहे, क गटाची १३ आणि ड गटाची ९. म्हणजे एक तारा घेतल्यावर बाकीचा संघ मुख्यतः क आणि ड गटांतून आणि स्वतः घडवलेल्या तरुणांतून उभा करावा लागतो. दहाव्या हंगामात पलटणला ते साधले, कारण अस्लम, मोहित आणि त्यांचे सोबती कमी किमतीत आधीपासून संघात होते. आज ती मुले मोठी झाली आहेत आणि त्यांची किंमतही वाढली आहे, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

यावर माझा उपाय असा की, आपल्याच गेल्या हंगामातल्या खेळाडूवरची शेवटची बोली जुळवून त्याला परत घेण्याची जी सोय आहे, ती चढाईपटूंसाठी राखून ठेवावी आणि मोकळा पैसा परभणीच्या ताईंनी सांगितलेल्या जोडीसाठी वापरावा.

सेलूकर (सेलू, जि. परभणी)

आपणा सर्वांचे आभार. ताईंचे म्हणणे मला पटले आणि माझ्या मताची मांडणीच चुकत होती हे मान्य करतो. मी एक नाव शोधत होतो, शोधायला हवी होती ती जोडी. जालन्याच्या सरांचा अस्लमविषयीचा इशाराही रास्त आहे, परंतु अनुभवी चढाईपटू आधी घ्यावा यावर मी अजून सहमत नाही, कारण चढाईतला तरुण एका हंगामात तयार होतो, आदित्यने ते दाखवले आहे, तर कोपऱ्यावरच्या मुलाला आपला संयम सापडायला दोन-तीन वर्षे लागतात. माझ्या मैदानावरचा अनुभवही हेच सांगतो. आठवीतली मुले पहिल्याच आठवड्यात चढाईला धावत जातात. कोपऱ्यावर उभा राहायला सांगितले की तोंड पाडतात, आणि पाय दिसताच झेप घेऊन बाद होतात.

माझ्या वहीत आता असे लिहिले आहे : डाव्या बाजूच्या दोघांवर मिळून १ कोटीच्या आत, त्यानंतर एक राखीव चढाईपटू ब किंवा क गटातून, आणि अस्लमसाठी काहीही झाले तरी हात आखडता घेऊ नये. ताई, आपण परभणीतच असाल तर एखाद्या रविवारी सकाळी सेलूला यावे. हातात हात धरून उभे कसे राहायचे आणि तो तळहाताचा दाब नेमका केव्हा द्यायचा, हे माझ्या मुलांना माझ्यापेक्षा आपण चांगले दाखवाल.