अनुभव धागा : कातणं, विणणं, वळणं – रोजच्या दिवसातलं सुताचं आणि लोकरीचं काम

हातानं सूत कातणाऱ्या, सुयांवर किंवा क्रोशावर विणणाऱ्या, घरी वाती वळणाऱ्या सगळ्यांना लिहायचं आमंत्रण आहे. "छान वाटतं, मन रमतं" एवढ्यावर थांबू नका. अवजार कुठलं, सुई किती नंबरची, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते लिहा. वाचून उद्या कुणी टकळी (हातानं फिरवून सूत कातायची सळई) हातात घेतली तर त्याला उपयोगी पडेल इतकं नेमकं हवं. पहिलं मीच लिहिते, टकळीवर.

टकळी घेताना एकच गोष्ट बघा. स्टीलच्या वाटीत फिरवली की ती थरथरता कामा नये. सळई किंचित वाकडी असली तरी प्रत्येक फेऱ्याला तारेला (कातल्या जाणाऱ्या धाग्याला) हिसका बसतो आणि सूत तिथेच तुटतं. लोकर हवेत लोंबत्या टकळीवर छान कातता येते. कापसाचं तसं नाही. त्याचे तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटरचे असतात, आणि पुरता पीळ बसायच्या आत टकळीच्या वजनानं ते एकमेकांवरून घसरतात. म्हणून टकळीचं टोक वाटीत टेकवायचं, म्हणजे तारेवर वजनच येत नाही.

पेळू (पिंजलेल्या कापसाची वळकटी) वीतभर लांब, करंगळीहून बारीक, आणि हातात अगदी सैल. दाबून धरला की घामानं तंतू चिकटतात. उजव्या हाताच्या चुटकीनं टकळी फिरवायची, डावा हात पेळू घेऊन सावकाश वर न्यायचा. पीळ चिमटी ओलांडून पेळूत शिरला तर गुठळी होते. हात पिळाच्या पुढे पळाला तर तार विरळ होऊन सुटते. हातभर तार झाली की ओढणं थांबवायचं आणि टकळीला आणखी एक-दोन चुटक्या द्यायच्या. हा मागाहून भरलेला पीळच सूत टिकवतो, आणि नवशिके नेमके तोच विसरतात. पुरेसा झाला की नाही हे बघायला तार जरा ढिली सोडा. तिनं लगेच स्वतःभोवती वेटाळलं पाहिजे.

तुटल्यावर गाठ मारू नका. तुटक्या टोकाचा पीळ उकलून तंतू पिसारायचे, पेळूच्या टोकावर बोटभर ठेवायचे आणि पुन्हा फिरवायचं.

पेटीचरखा (वर्ध्याहून)

टकळी जमली की पेटीचरखा घ्या, वेग कितीतरी पट वाढतो. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात ज्याच्यावर काम केलं तोच हा, म्हणून त्याला येरवडा चक्रही म्हणतात. मोठ्या चाकावरून छोट्या चाकाला आणि छोट्यावरून चातीला (सूत जिच्यावर कातलं जातं त्या सळईला) अशी दोन टप्प्यांत गती जाते, त्यामुळे एवढ्याशा पेटीत चाती भरपूर फिरते. जुने वेगवेगळे चरखे पाहायचे असतील तर आमच्याकडे वर्ध्याला मगन संग्रहालयात या. १९३८ पासूनचं आहे.

दहातल्या आठ तक्रारींचं मूळ माळेत, म्हणजे चाकाची गती चातीला देणाऱ्या दोरीत असतं. माळ सैल असली की चाक फिरतं पण चाती मागे राहते. सूत कच्चं पडतं आणि कातणारा कापसाला दोष देतो. सुती माळ पावसाळ्यात आवळते, उन्हाळ्यात ढिली पडते, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा बांधायची. माळेला थोडी राळ किंवा मेण चोळलं की पकड येते. तेलाचा एक थेंब चातीच्या आणि चाकांच्या टेकूंवर सोडा, माळेला मात्र लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट कोनाची. कातताना तार चातीच्या टोकावरून दर फेऱ्याला घसरून पडली पाहिजे, तेव्हाच पीळ बसतो. तीच तार चातीशी काटकोनात आणली की पीळ थांबतो आणि सूत गुंडाळलं जातं. गुंडाळण्याआधी चाक जरासं उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवून घ्या, नाहीतर पहिल्याच वेढ्याला तार तुटेल.

विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात दुपारी कातूच नका. हवेत ओल नसली की तंतू ताठ होतात, उडतात, एकमेकांना धरत नाहीत. भल्या पहाटेचं सूत एकसारखं येतं. दुपारीच बसायचं असेल तर ओलं फडकं जवळ वाळत टाका.

कपाशीपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेतातला कापूस मिळत असेल तर हिशेब लक्षात ठेवा : वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई, बाकी सरकी. घरच्यापुरती सरकी काढायला लाकडी पाट आणि गुळगुळीत लोखंडी सळई पुरते. बोंडातला एकेक पुंजका पाटावर ठेवून त्यावरून सळई दाबत लाटायची, सरकी पुढे निसटते. आधी कापूस तासभर उन्हात ठेवला तर सरकी पटकन सुटते. गावरान वाणांचे तंतू आखूड असतात, त्यांना पीळ जास्त द्यावा लागतो आणि तार ओढताना घाई चालत नाही. सूत थोडं जाड येतं, पण त्याचा कापडाला येणारा पोत मला गिरणीच्या कुठल्याही सुतापेक्षा आवडतो.

सुताचा नंबर घरी कसा काढायचा?

कुणीतरी विचारेलच, म्हणून लिहिते. फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर (नसेल तर पाटाभोवती, एका वेढ्याची लांबी मोजून) १०० मीटर सूत घ्या आणि वजन करा. ५ ग्रॅम भरलं तर ग्रॅमला २० मीटर, म्हणजे मेट्रिक २० नंबर. जुना इंग्रजी नंबर एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात यावर ठरतो. मेट्रिकला ०.५९ नं गुणलं की तो मिळतो, इथे सुमारे १२. खादीत गुंडी, म्हणजे सुताची लड, १००० मीटरची धरतात. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक.

रंगवण्याआधी सूत उकळावं लागतं. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, ते गेल्याशिवाय पाणी आत शिरत नाही आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. गुंडीला चार ठिकाणी सैल बंध घाला, म्हणजे गुंता होत नाही. ५० ग्रॅम सुताला दोन लिटर पाणी, एक सपाट चमचा धुण्याचा सोडा, तासभर मंद उकळी. पातेलं स्टीलचंच घ्या, सोडा अॅल्युमिनियमला खातो. पाणी चहाच्या रंगाचं होतं. घाबरू नका, ते व्हायलाच हवं. याच उकळण्यानं पीळही बसतो आणि सूत वेटाळायचं थांबतं.

वाती आणि वस्त्रं

या धाग्यावर याची आठवण कुणी काढेल की नाही माहीत नाही, पण ज्यांना "मला कातता येत नाही" असं वाटतं त्यांतल्या निम्म्याजणींना वाती वळता येतात, आणि ते हेच काम आहे. समईच्या वातीतही सगळी करामत पिळाची. फार घट्ट वळली तर तेल वर चढायला जागा राहत नाही, ज्योत बारीक होते आणि टोक काजळतं. सैल वळली तर वात भराभर जळते आणि धूर होतो. मी आधी कापूस बोटांनी मोकळा करते, बिया-कचरा काढते, लांब पट्टी ओढते आणि तळव्यावर एकाच दिशेनं वळते. हात उलटसुलट फिरवला तर पहिला पीळ दुसरा खोडतो. औषधाच्या दुकानातल्या कापसातलं मेण काढलेलं असल्यामुळे तो तेल चटकन ओढतो, पण तंतू आखूड असल्यानं लांब वात मधेच तुटते. फुलवातींना तो चालतो.

गौरी-गणपतीच्या वस्त्रमाळेसाठी मात्र लांब धाग्याचाच कापूस हवा. बोटभर रुंद पट्टी, इंच-इंच अंतरावर ओल्या बोटांनी चिमटून वळायची, मधला भाग फुगीर सोडायचा. चिमटलेल्या जागी कुंकवाचं बोट. पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात भरू नका, आठवड्यात कुबट वास येतो.

दोन सुयांचं विणकाम

इथल्या दुकानांत सुया नंबरावर मिळतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते, हे आधी डोक्यात पक्कं करा. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. इंटरनेटवरचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे इथे घोळ होतो.

स्वेटर बिघडतो तो बहुतेक वेळा टाके घालायच्या आधीच, कारण नमुना-पट्टी विणलेली नसते. तीस टाके घालून चौकोन विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. कडेचे धरू नका, ते ओढलेले असतात. समजा २४ टाके आले आणि बाळाच्या स्वेटरचा घेर ५० सेंटिमीटर हवाय, तर १२० टाके. हात सैल असल्यानं २२ च बसत असतील तर तेच १२० टाके साडेचोपन्न सेंटिमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर पुढच्या वर्षीच्या मापाचा!

खालची पट्टी एक सुलट, एक उलट, अंगाच्या सुईपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर. अंग ९ वर असेल तर पट्टी ११ वर. नाहीतर ती धरत नाही, झालरीसारखी पसरते. सुलट ओळ–उलट ओळ विणलेला मफलर कडेनं गुंडाळला जातो म्हणून कितीजणी इस्त्री करतात! ती त्या विणीची रचनाच आहे. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची-खालची पुढे. दोन्ही बाजूंना चार-पाच टाके सगळ्या ओळींत सुलट ठेवा, गुंडाळणं बरंच कमी होईल. अॅक्रिलिकच्या लोकरीवर तर गरम इस्त्री टेकवूच नका, ती वितळून मऊ-लुळी पडते आणि परत कधीही उठत नाही.

सुटलेला टाका क्रोशाच्या सुईनं शिडी चढवत वर आणता येतो. जाळीदार नक्षीत ते कठीण, म्हणून नक्षीचा एक भाग पुरा झाला की सुईत दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून फिरवून ठेवायचा. पुढे कितीही उसवलं तरी त्या ओळीवर येऊन थांबतं.

– लोकर खरी की अॅक्रिलिक हे कसं ओळखायचं? दुकानदार दोन्हीला लोकरच म्हणतो.

– बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते, राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. सूत असेल तर कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख.

– स्कॉटलंडहून एक भर. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर ओली झाली की चांगलीच लांबते, कारण तिच्या तंतूंचे एकमेकांत अडकणारे खवले झिजवलेले किंवा लेपानं झाकलेले असतात. तिची नमुना-पट्टी धुतल्याशिवाय मोजण्यात अर्थच नाही.

– हातानं कातलेल्या एकेरी लोकरीची पट्टी विणली तर ती समांतरभुज चौकोनासारखी तिरकी होते. टाके मोजून बरोबर आहेत.

– (टकळीवाली) टाके बरोबरच असणार. एकेरी धाग्यातला पीळ सुटायला बघतो आणि प्रत्येक टाक्याला एकाच बाजूला ढकलतो. असे दोन धागे एकत्र घेऊन कातलं त्याच्या उलट दिशेनं पिळा, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. दुपदरी धाग्याचा वेढा लोंबता सोडला आणि तो न वेटाळता शांत राहिला की जमलं. जानव्याच्या सुताला तीनपदरी करतात तिथेही हेच तत्त्व आहे. एकेरीच विणायची असेल तर सुलट-उलट टाके मिसळून विणा, तिरकेपणा बराच कमी होतो.

क्रोशाचा गोल

गोल रुमाल सपाट का राहत नाही, याचं उत्तर एका ओळीत : प्रत्येक फेरीत पहिल्या फेरीइतकेच खांब (उंच टाके) वाढले पाहिजेत. पहिल्या फेरीत १२ खांब, मग २४, ३६, ४८. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडा लाटा घेतात. मुक्या खांबांचा गोल असेल तर ६ नं सुरुवात, कारण त्यांची उंची कमी. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब म्हणून मोजायच्या. त्या मोजायला विसरलं की दर फेरीला एक खांब जास्त होतो. वाढ नेहमी आधीच्या वाढीवरच घेतली तर कोपरे दिसू लागतात, म्हणून एकाआड एक फेरीत जागा सरकवा.

ताठ करायला तांदळाची पातळ पेज गाळून घ्या, रुमाल बुडवून पिळा, पाटावर जुनी चादर घालून टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. टाचण्या गंजणाऱ्या नकोत.

घोंगडी

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, अंगाला टोचते, आणि स्वेटरसाठी ती कातण्यात अर्थ नाही. घोंगडीसाठी मात्र तीच हवी. धनगरांकडून आलेली लोकर पिंजून कातली जाते, आणि सणगर (घोंगड्या विणणारा समाज) ती मागावर विणतात. उभ्या धाग्यांना पीळ जास्त, कारण मागावर ताण त्यांनाच सोसायचा. त्यांना चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे उभे राहिलेले केस बसतात आणि धागे घासून तुटत नाहीत. नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरता वापरता मऊ पडते. तिला पहिल्याच दिवशी धुवून मऊ करू पाहू नका.

धुवायचीच वेळ आली तर थंड पाणी, रिठ्याचा फेस, आणि चोळणं नाही. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत कायमचे गुंततात आणि घोंगडी आटते. ओली घोंगडी फार जड होते, दोरीवर टांगली तर मधेच ओघळून लांबते. खाटेवर आडवी पसरा, दिवसातून दोनदा पलटा. ठेवताना स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असणं महत्त्वाचं, कारण कसर लागते ती मळलेल्या, तेलकट जागी आधी. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून झटकायची, कडक उन्हात टाकायची आणि गार झाल्यावरच घडी घालायची.