कंत्राटी म्हणजे 'मागच्या दाराने आलेले'? मग हे वाचा

उपकेंद्रवाली: परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "समान काम समान वेतन मागणारे कंत्राटी लोक मागच्या दाराने आलेत, आम्ही परीक्षा देऊन आलो, बरोबरी कसली करता." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. मी एएनएम, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स, राष्ट्रीय आरोग्य अभियानात नऊ वर्षं झाली. आमच्या उपकेंद्रात दोघी आहोत, ताई कायम आणि मी कंत्राटी. लसीकरणाच्या दिवशी दोघी सकाळी व्हॅक्सिन कॅरियर घेतो, चार आइसपॅक भरतो, ती एका वाडीवर आणि मी दुसऱ्या. सुई तीच, डोस तोच, लसींची नोंद करायच्या टॅलीशीटचा कागदही तोच. तिच्या पदाचं मूळ वेतनच २५,५०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं, दरवर्षी वाढ. माझ्या हातात नऊ वर्षांनी सगळं धरून एकोणीस हजार. ११ महिन्यांनी ऑर्डर संपते, एक दिवसाचा खंड दाखवतात, आणि त्या खंडाच्या दिवशीसुद्धा मी बाळंतिणीच्या घरी जाऊन आलेय, तिला काय सांगू, आज मी सरकारची नाही म्हणून? ताईबद्दल तक्रार नाही, ती सख्ख्या बहिणीसारखी आहे. पण माझ्या वेळी जाहिरात निघाली होती, गुणवत्ता यादी लागली होती, कागदपत्रं तपासली होती. मागचं दार कुठलं ते दाखवा.

लिपिक_२०११: ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. पुण्यात कॉट बेसिसवर चार वर्षं काढली, एक डबा दोन वेळा पुरवून खाल्ला, दोन मार्कांनी दोनदा यादीबाहेर गेलो तेव्हा कुठे ही टेबल-खुर्ची मिळाली. जिल्ह्यातली यादी आणि राज्याची स्पर्धा सारखी नाही. आणि ताई, ऑर्डरवर मानधनाचा आकडा छापलेला असतो ना, सही करताना वाचला नव्हता का? उमादेवी निकाल वाचा एकदा, सुप्रीम कोर्टाचा, २००६चा.

वकीलबाई_नागपूर: उमादेवी निकाल हंगामी-कंत्राटी लोकांना नोकरीत कायम करण्याबद्दल आहे, पगार हा वेगळा प्रश्न, दरवेळी लोक दोन्हीची खिचडी करतात. पगाराचं बघायचं तर १९८२चा रणधीर सिंग निकाल बघा, दिल्ली पोलिसातला ड्रायव्हर कॉन्स्टेबल. त्यात कोर्टाने घटनेतला समान कामाला समान वेतन सांगणारा अनुच्छेद ३९(घ) हा समानतेच्या १४ आणि १६ सोबत वाचला. मग २०१६चा जगजीत सिंग, खेहर आणि आपल्या नागपूरचे बोबडे यांचं खंडपीठ. कायम माणसाचंच काम करत असेल तर हंगामीला त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान वेतन द्या असं स्वच्छ लिहिलंय. आणि तुमच्या 'सही केली होती ना'चं उत्तर त्यातच आहे, कमी पगारावर कुणी खुशीने राबत नाही, घरच्यांच्या पोटासाठी स्वाभिमान गहाण टाकून राबतो. मात्र काम तेच आहे हे सिद्ध करायचं ओझं मागणाऱ्यावर, तेव्हा उपकेंद्रवाली ताई, टॅलीशीटच्या झेरॉक्स जपून ठेवा.

गुरुजी_मराठवाडा: परीक्षा परीक्षा काय लावलंय? मी अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून २०१९ला लागलो, रीतसर मेरिटने, जिल्हा परिषद शाळेत. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना ६ हजार. शाळा तीच, पट तोच, शेजारच्या वर्गातल्या सरांचा पगार माझ्या दहापट. खोलीभाडं आणि पेट्रोलमध्येच सगळे जायचे, वडील गावाकडून ज्वारीचं पोतं एसटीत टाकून द्यायचे. ते मानधन १६ हजार झालं २०२३ला, तोवर माझी तीन वर्षं संपली होती. मग सांगा लिपिक साहेब, मी कुठल्या दाराने आलो होतो? सरकारला पैसा वाचवायचाय, परीक्षेचा काही संबंध नाही.

जुनी_पेन्शन_हवीच: गुरुजी बरोबर. पण खरी असमानता पेन्शनची आहे, त्यावर कोणी बोलत नाही. मी डिसेंबर २००५ला रुजू, माझा शेजारी ऑक्टोबरला. एकच जाहिरात, एकच यादी, माझं पोलीस व्हेरिफिकेशन उशिरा आलं एवढंच. १ नोव्हेंबर २००५ ही जुनी पेन्शन बंद झाल्याची तारीख मध्ये आली, म्हणून त्याला जुनी पेन्शन आणि मला शेअर बाजारावर चालणारी नवी, आमच्यासारख्या आधीच्या जाहिरातीवाल्यांना जुनीचा पर्याय मिळायला २०२४ उजाडलं.

पिंपरीकर: आमच्याकडे कंपनीत ना पेन्शन ना महागाई भत्ता. आमच्या टॅक्सवर तुम्ही भांडताय.

जुनी_पेन्शन_हवीच: टॅक्स आम्हीही भरतो, पगारातूनच कापून जातो, लपवायची सोय नाही. मार्च २०२३ला रस्त्यावर उतरलो ते उगाच नाही, सात दिवस संप केला.

उपकेंद्रवाली: त्या सात दिवसांचं मी सांगते. कायम स्टाफ संपावर, आम्हाला वरून तोंडी निरोप, गैरहजर राहिलात तर ऑर्डर पुढे निघणार नाही. त्या आठवड्यात तीन बाळंतपणं आम्ही दोन कंत्राटी मुलींनी केली, एक रात्री अडीचला, लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात नाळ बांधली. 'एकच मिशन जुनी पेन्शन'च्या घोषणांत आमचं नाव एकदा तरी घेतलंत का?

जुनी_पेन्शन_हवीच: तुम्ही कामावर गेलात म्हणून संप मोडला, हे पण लिहा.

उपकेंद्रवाली: बाईला कळा येत असताना संप धरू? लाज वाटायला पाहिजे असं लिहायला.

गुरुजी_मराठवाडा: दादा, शब्द मागे घ्या.

जुनी_पेन्शन_हवीच: रागात लिहिलं गेलं. ताई, चुकलं. पेन्शनचा मुद्दा मात्र सोडत नाही.

लिपिक_२०११: गुरुजींच्या ६ हजारांवर माझ्याकडे उत्तर नाही, सकाळपासून विचार करतोय. कायम करण्याला माझा अजूनही विरोध आहे, जागा निघाल्या की सर्वांनी सोबत परीक्षेला बसावं, अनुभवाचे मार्क द्या हवं तर. पण तोवर पदाचं मूळ वेतन मिळावं, एवढं मान्य. वार्षिक वाढ नाही. आणि 'मागच्या दाराने' हा शब्द ताईंसाठी तरी परत वापरणार नाही.

वकीलबाई_नागपूर: जगजीत सिंगमध्ये तेवढंच दिलंय, श्रेणीचं किमान. म्हणजे तुम्ही आता कोर्टाच्याच बाजूला आलात.

उपकेंद्रवाली: मूळ वेतन जरी मिळालं तरी मुलीच्या डिप्लोमाची फी एका हप्त्यात भरेन. वकीलताई, झेरॉक्स काढायला लागते, २०१९पासूनच्या टॅलीशीट कपाटात आहेत, त्याआधीच्या उपकेंद्र गळलं तेव्हा भिजल्या. परवा लसीकरणाचं सत्र आहे, रात्री उत्तर देईन.