आबांची कंबर: दुखण्याची गोळी आणि व्हिटॅमिन एकत्र, चालू ठेवू का?

बागवाली, तासगाव
नमस्कार मंडळी. आबांचं वय ६३. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला आठ दिवस मंडपाखाली हात वर करून राबले आणि कंबर धरली. मेडिकलवाल्यानं डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधासोबत बी१, बी६, बी१२ व्हिटॅमिन असलेली गोळी दिली. तीन दिवसांत उठून चालायला लागले. पण आता पाचवी स्ट्रिप चालू आहे. थांबवा म्हटलं की म्हणतात, "अगं, ह्यात व्हिटॅमिन हाय, ताकदच येतीय." बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तळपायाला मुंग्याही येतात. चालू ठेवावी का?

कृष्णाकाठ
ताई, आजच बंद करा. माझ्या वडिलांनी गुडघ्यासाठी अशीच दोन महिने घेतली. शी डांबरासारखी काळी व्हायला लागली, त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. न्हाणीत चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं. पोटात अल्सर झाला होता, रक्त चढवावं लागलं.

काउंटरवाला, विटा
औषधाच्या दुकानात २६ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही जोडी खोटी नाही. २००९ साली ब्राझीलमध्ये कंबरेच्या अचानक दुखण्याच्या ३७२ रुग्णांवर अभ्यास झाला. नुसतं डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना तीन दिवसांत गोळी थांबवण्याइतका आराम पडला, बी व्हिटॅमिन जोडून घेणाऱ्यांत ४६.५ टक्क्यांना. म्हणजे फायदा काय, तर गोळी लवकर सुटते! तिथं उपचारच जास्तीत जास्त सात दिवसांचा होता. आबांचं नेमकं उलटं चाललंय.

व्हिटॅमिन जोडलं म्हणून डायक्लोफिनॅक पोटाला सौम्य होत नाही. त्यानं बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किडनीवर ताण येतो. बी६ चा मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर त्यानंच हातपाय बधिर होतात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. शुगरला मेटफॉर्मिन आहे का? त्यानं बी१२ कमी होतं. मुंग्या त्याच्याही असतील.

बागवाली, तासगाव
मेटफॉर्मिन सात वर्षं चालू आहे, आणि आबा माळकरी, त्यामुळे अंडं-मटण नाही. उद्याच मिरजेला नेते.

बागवाली, तासगाव
चार दिवसांनी लिहितेय. बी१२ १४८ म्हणजे कमी आलं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही थोडं वाढलंय. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक बंद केलं, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. बी१२ ची इंजेक्शनं वेगळी लिहून दिलीत, क्रिएटिनिन महिन्यानं परत बघायचंय. उरलेली स्ट्रिप आबांच्या बंडीच्या खिशात सापडली, काढून घेतली. काउंटरवाले दादा, तुमचे उपकार. कंबरेचा पट्टा दिलाय, तो दिवसभर ठेवायचा का?

काउंटरवाला, विटा
नाही ताई. कामापुरता बांधायचा, घरी आल्यावर सोडायचा. आणि क्रिएटिनिनची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.