मदत हवी आहे: भाच्याच्या कॉम्प्युटरसाठी आमदारांना निवेदन (तातडीचं)

कोयनाकाठ:
नमस्कार. सोमवारी आमच्या आमदारांचा तालुक्याला जनता दरबार आहे. भाच्याला कॉम्प्युटर मिळावा म्हणून निवेदन द्यायचंय. साधा नाही, दिव्यांगांसाठी बदल केलेला असतो तसला. शासनाला कायद्याने द्यावाच लागतो असं एक जण ठामपणे म्हणाला, पण कलम विचारलं तर गप्प. पंचायत समिती झाली, जिल्हा परिषद झाली, सगळीकडे "आमच्या यादीत बसत नाही". कुणाकडे निवेदनाचा तयार नमुना असेल तर टाका. "आधी गूगल करा" म्हणू नका, केलंय.

अवलिया_७२:
मुलाला नक्की काय आहे? वय किती? शाळा जि.प.ची, अनुदानित, की विशेष शाळा? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघालंय का, त्यावर टक्केवारी किती? एवढं कळल्याशिवाय नमुना काय देणार, लग्नपत्रिका आहे का ती?

संगणकवेडा:
कॉम्प्युटर मागत बसू नका हो. कुठलाही जुना लॅपटॉप घ्या आणि त्यावर एनव्हीडीए टाका, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पूर्ण फुकट. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून बनवलंय. मराठी वाचून दाखवतं. जॉज या तसल्याच विकतच्या सॉफ्टवेअरसाठी हजारो रुपये घालवायची गरज नाही. महिन्याभरात मुलगा स्वतः मेल करेल, लिहून घ्या.

पुणेरी_प्रोसेसर:
किमान आय-५, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. हार्ड डिस्कवाला कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

कोयनाकाठ:
तो अंध नाही. डोळे आमच्यापेक्षा चांगले आहेत. हात नीट चालत नाहीत. आणि प्रोसेसर मी विचारलेला नाही. निवेदनात काय लिहायचं ते विचारलंय.

थेरपीवाली:
हात चालत नाहीत म्हणजे कसे? स्नायू कडक होतात, की हात आपोआप हलत राहतो? एक बोट तरी हव्या त्या जागी नेता येतं का? मान स्थिर राहते का? बोलणं बाहेरच्या माणसाला समजतं का? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे म्हणून विचारते. या उत्तरांवर यंत्र ठरतं. एकाला तीनशे रुपयांच्या पट्टीत काम होतं, दुसऱ्याला नजरेने चालणारं उपकरण लागतं, त्याची किंमत लाखात जाते. "बदल केलेला कॉम्प्युटर" नावाची एक वस्तू दुकानात नसते.

कोयनाकाठ:
सेरेब्रल पाल्सी. नववीत आहे, वय १५. गावातल्याच अनुदानित हायस्कूलमध्ये, सगळ्या मुलांबरोबर. कार्ड आहे, ७० टक्के. उजव्या हाताचं एक बोट चालतं पण थरथरतं, एक अक्षर दाबायला गेला की शेजारची दोन दाबली जातात. बोलणं घरच्यांनाच कळतं. बुद्धी एकदम तल्लख, गणितात वर्गात पहिल्या पाचात. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून घाई. जिल्ह्याचं नाव टाकत नाही, पश्चिम महाराष्ट्र समजा.

थेरपीवाली:
आता बोलता येईल. यासाठी कीगार्ड असतो. कीबोर्डवर बसवायची, प्रत्येक बटणावर भोक असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी. हात पट्टीवर टेकवायचा आणि बोट भोकात घालायचं. लेझर कटिंगवाला कुणीही कापून देतो. माऊसऐवजी मोठा ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवरच राहणारा, नुसता गोळा फिरवायचा. विंडोजमध्येच स्टिकी कीज आणि फिल्टर कीज असतात, पैसे पडत नाहीत. स्टिकी कीजमुळे शिफ्टसारखं बटण दाबून धरावं लागत नाही. फिल्टर कीजने चुकून लागलेले झटके गाळले जातात. हे आजच घरच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर चालू करून बघा. नंतर शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर.

संगणकवेडा:
मग बोलून टाइप करायचं ना! मराठी व्हॉइस टायपिंग हल्ली फर्स्टक्लास चालतं.

थेरपीवाली:
वर लिहिलंय, बोलणं घरच्यांनाच कळतं. ते यंत्र असल्या उच्चारावर शिकलेलं नसतं.

ग्रामनिधी:
इतकं सगळं कशाला? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. आधी ३ होता. ग्रामसभेत ठराव घ्या, ग्रामसेवकाला गाठा, काम झालं. आमच्याकडे झालंय. आमदाराच्या मागे फिरण्यात अर्थ नाही.

अवलिया_७२:
तुमची ग्रामपंचायत एमआयडीसीच्या कडेला असेल. लहान गावात घरपट्टी-पाणीपट्टीचे ५ टक्के म्हणजे किती हो? तेही सगळ्या दिव्यांगांत समान वाटून मोकळे होतात. त्यात ट्रॅकबॉलसुद्धा येत नाही.

ग्रामनिधी:
वाटून मोकळे होतात कारण कुणी ठराव मांडत नाही. नगरपालिकेला आणि जिल्हा परिषदेलाही तोच ५ टक्क्यांचा नियम आहे. मागा की तिथे.

काळा_कोट:
धागाकर्त्याला कलम हवं होतं, अजून कुणी दिलं नाही म्हणून देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १७ (जी). ४० टक्के आणि त्यावरच्या विद्यार्थ्याला पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य ती सहायक उपकरणं १८ वर्षांपर्यंत मोफत. जबाबदारी शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलमात "कॉम्प्युटर" हा शब्द नाही, पण लिहिण्यासाठी दुसरं साधनच नसेल तर हेच योग्य उपकरण, असा युक्तिवाद करायचा. माझं ऐकाल तर आमदार सोडा आणि पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. कलम ८० खाली ते चौकशी करतात, साक्षीदार आणि कागदपत्रं मागवण्यापुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावं लागतं.

माजी_पीए:
वकीलसाहेब, शिफारस आली तरी पैसा कुठल्या लेखाशीर्षाखाली (सरकारी खर्चाच्या कुठल्या खात्यात) टाकायचा हा प्रश्न उरतोच, आणि गाडी तिथेच अडते. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले असतात. त्यातच साहित्य, त्यातच प्रवास, त्यातच मदतनीस. "यादीत बसत नाही" म्हणणारा कारकून खोटं बोलत नाहीये, त्याच्या यादीत खरंच बसत नाही. यादी बदलायचं काम मुंबईत आणि नागपुरात होतं. त्यासाठीच आमदार.

काळा_कोट:
लेखाशीर्ष नाही म्हणून हक्क थांबत नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला याच कायद्याखालच्या नियमांतला नियम १५ (१) रद्द ठरवला तो याचसाठी, की सुगम्यता म्हणजे "जमलं तर करू" अशी सूचना नव्हे. एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सुविधा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ चाच (जगण्याच्या हक्काचा) भाग मानलाय.

माजी_पीए:
निकाल माहीत आहेत. पण मुलगा पुढच्या वर्षी दहावीला बसणार आहे, तुमची तारीख पे तारीख त्याने किती पाहायची?

काळा_कोट:
दोन्ही करा. मी एकच करा म्हटलेलं नाही.

अवलिया_७२:
"आमदार सोडा" कुणी लिहिलं वर?

माजी_पीए:
कोयनाकाठ, मी एका आमदारांकडे बरीच वर्षं होतो (पक्ष विचारू नका). दरबारातल्या निवेदनांचं काय होतं ते सांगतो. साहेब हातात घेतात, फोटो होतो, कागद आमच्याकडे येतो. आम्ही वरच्या चार ओळी वाचून ठरवायचो की हा कागद कुठल्या ढिगात टाकायचा. वैयक्तिक मदत असेल तर तहसीलदाराला किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याला "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पत्र, विषय संपला. म्हणून दोन वेगळे कागद द्या. एक भाच्याचा. दुसरा धोरणाचा, त्यात भाच्याचं नाव फक्त उदाहरण म्हणून.

धोरणाच्या कागदात भाषण नको. आमदार जे करू शकतो तेच मागा. तो सभागृहात प्रश्न विचारू शकतो. तेव्हा तारांकित प्रश्नच (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) लिहून द्या: कलम १७ (जी) प्रमाणे गेल्या तीन वर्षांत राज्यात किती विद्यार्थ्यांना संगणकाधारित सहायक उपकरणं दिली, जिल्हानिहाय किती, आणि दिली नसल्यास कारणं काय? तयार प्रश्न मिळाला तर पीएला आनंद होतो, त्याची मेहनत वाचते. मात्र सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जावी लागते, नागपूरला थंडी पडल्यावर आठवून उपयोग नाही.

आणखी एक. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार असतात. माध्यमिक शिक्षक त्यांचे मतदार. मुख्याध्यापकांच्या सहीने तोच कागद तिकडेही पाठवा.

कोयनाकाठ:
हे कामाचं. पण मला आधी भाच्याचं बघायचंय. राज्याचं धोरण मी का म्हणून ठरवू? आमदार निधीतून एक कॉम्प्युटर द्यायला त्यांना काय जड आहे?

माजी_पीए:
तो निधी जिल्हा नियोजन कार्यालयातून जातो आणि एका माणसाच्या घरी वस्तू द्यायला सहसा मंजुरी मिळत नाही. शाळेच्या नावाने मागा. मुख्याध्यापकांचं मागणीपत्र जोडा.

ऐकतोय:
मी स्वतः पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. शाळेच्या नावाने मागा पण जरा जपून. मी शिकलो त्या शाळेत देणगीचे कॉम्प्युटर आले होते. उद्घाटन झालं, नारळ फुटला, खोलीला कुलूप लागलं. बोलणारं सॉफ्टवेअर टाकलेलं नव्हतं आणि शिकवणारं कुणी नव्हतं. यंत्राबरोबर तीन गोष्टी मागा: आधी तज्ज्ञाकडून मुलाची तपासणी, नंतर शिकवणारा माणूस, आणि दुरुस्तीचा खर्च. आणि यंत्र मुलाला घरी नेता येईल असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर सुट्टीत काय करणार तो?

शिवाय "धोरण मी का ठरवू" याबद्दल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले. प्रत्येक मामाने आपल्याच भाच्यापुरतं मागितलं म्हणून यादी आजवर तशीच आहे. रागावू नका.

कोयनाकाठ:
रागावलो नाही. पण तुम्हाला सोमवार गाठायचा नाहीये.

ऐकतोय:
खरं आहे. जाता जाता, निवेदन युनिकोडमध्ये टाइप करा आणि मेलनेही पाठवा. जुन्या फॉन्टमधलं मराठी माझ्या यंत्राला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू येते. दिव्यांगांसाठी काढलेली पत्रकंसुद्धा स्कॅन करून टाकतात, म्हणजे ज्याच्यासाठी काढलं त्यालाच वाचता येत नाही.

संगणकवेडा:
युनिकोडवरून आठवलं, मुलाला इन्स्क्रिप्टच शिकवा, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. फोनेटिकमध्ये (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी) फार बटणं दाबावी लागतात.

पुणेरी_प्रोसेसर:
इन्स्क्रिप्ट आता कोण शिकतं? निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून येतात.

संगणकवेडा:
स्टिकी कीज कशासाठी असतात मग? शिफ्ट एकदा दाबा, सोडा, मग अक्षर. एक बोट पुरतं. बटणं मोजून बघा.

थेरपीवाली:
हे मात्र बरोबर आहे. एका बोटाने लिहिणाऱ्याला प्रत्येक दाब महाग असतो. दोन्ही आठवडाभर करून बघा, मुलालाच ठरवू द्या. आणि कोयनाकाठ, दहावीचं आजपासून बघा. केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत उत्तरं कॉम्प्युटरवर लिहायचा पर्याय आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. मंडळाकडे शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. परीक्षेच्या आधी महिनाभर यंत्र हातात येऊन काही होत नाही, वेग यायला वर्ष जातं.

कोयनाकाठ:
फिल्टर कीज शाळेच्या कॉम्प्युटरवर चालू केलं. फरक पडला. कीगार्डसाठी तालुक्याला एक नेमप्लेटवाला आहे, त्याला कीबोर्ड दाखवतो. हा मसुदा, बघून सांगा:

"मा. आमदार महोदय, विषय: दिव्यांग विद्यार्थ्यांना संगणकाधारित सहायक उपकरणे मिळण्याबाबत. महोदय, आपल्या मतदारसंघातील इ. ९वीच्या विद्यार्थ्यास हाताने लिहिता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १७ (जी) अन्वये त्यास योग्य उपकरण मोफत मिळण्याचा हक्क आहे. समग्र शिक्षाच्या तरतुदीत ते बसत नाही असे तोंडी सांगण्यात आले. तरी, १) राज्याच्या निधीतून या उपकरणांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, २) त्यात तपासणी, प्रशिक्षण व दुरुस्ती यांचा समावेश असावा, ३) उपकरण घरी नेण्यास परवानगी असावी, ४) सोबतचा तारांकित प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा, ही नम्र विनंती."

माजी_पीए:
छान. "तोंडी सांगण्यात आले" काढा, खातं हात वर करेल. उद्याच लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि त्याची प्रत जोडा. चौथा मुद्दा सगळ्यात वर आणा, आम्ही खालपर्यंत जात नाही. फोन नंबर ठळक. आणि सोमवारी साहेबांच्या हातात देऊन झालं की दुसरी प्रत पीएच्या हातात द्या, नाव विचारून.

काळा_कोट:
आयुक्तांना प्रत.

ऐकतोय:
भाच्याला बरोबर न्या. जमलं तर त्याने स्वतः टाइप केलेली एखादी ओळ खाली असू द्या.

ग्रामनिधी:
आणि ग्रामसभा विसरू नका. कीगार्डचा खर्च तरी निघेल.

नवीन_सभासद_सोलापूर:
माझ्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, वय ६१, उजवा हात गेला. ते तलाठी होते. त्यांना हे १७ (जी) लागू होईल का?

काळा_कोट:
नाही, ते १८ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रमाणपत्र काढलंय का? टक्केवारी किती?

अवलिया_७२:
वेगळा धागा काढा. आणि सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.