मदत हवी आहे: अल्फा-टेट्रालोनवर विटिग अर्ध्यावरच अडते

नाशिकमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अल्फा-टेट्रालोन या कीटोनच्या कार्बोनिलच्या (C=O) जागी विटिग अभिक्रियेने मेथिलीन (C=CH₂) आणायचंय. मिथाइलट्रायफेनिलफॉस्फोनियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड (बेस), दोन्ही 1.3 इक्विव्हॅलंट, कोरडं टीएचएफ (द्रावक), नायट्रोजन. त्यांच्यापासून होणाऱ्या इलाइडचा (कीटोनला मेथिलीन देणारा अभिकारक) पिवळाधमक रंग छान येतो, कीटोन सोडला की उतरतो. पण रात्रभर ढवळूनही टीएलसीवर (पातळ थर क्रोमॅटोग्राफी) कीटोनचा ठिपका ठळक तो ठळकच.

आधी संशय ओलाव्यावर होता (पावसाळ्यात इथे ब्युटॉक्साइडची बाटली उघडायचीच धास्ती), म्हणून फॉस्फोनियम सॉल्ट व्हॅक्यूममध्ये वाळवलं, टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवरून ऊर्ध्वपातित केलं. फरक शून्य. याच इलाइडने बेंझाल्डिहाइडचं स्टायरीन मात्र व्यवस्थित होतं. म्हणजे टेट्रालोनचा प्रोटॉन इलाइडच काढून घेऊन त्याचं एनोलेट (कीटोनचा ऋण आयन) होऊन इलाइड वाया जातंय, असा माझा अंदाज.

ब्युटिललिथियम (तीव्र बेस) किंवा ग्लोव्हबॉक्स आमच्याकडे नाही. हॉर्नर-वॉड्सवर्थ-एमन्स (विटिगसारखीच, फॉस्फोनेट वापरणारी अभिक्रिया) कृपया सुचवू नका, त्यातून साधं मेथिलीन येत नाही. आम्लही टाळायचंय, नाहीतर दुहेरी बंध रिंगमध्ये सरकतो.

इलाइड दुप्पट घेऊन आधी तयार ठेवावं आणि कीटोन थेंबाथेंबाने सोडून रिफ्लक्स करावं, की सरळ पीटरसनकडे (सिलिकॉन संयुगातून दुहेरी बंध आणणारी अभिक्रिया) वळून एलिमिनेशन पोटॅशियम हायड्राइडने करावं? टेट्रालोनवर प्रत्यक्ष कुणी केलंय का?